हातात काय व्हतं?

डॉक्टरबाई गेल्या तो गुरुवार होता. सकाळी त्यांनी हर्नियाचं एक ऑपरेशन केलं. हात धुतले. ओपीडीतल्या खुर्चीत बसल्या. रुक्मिण सिस्टर चहा घेऊन आल्या तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

शेवट आधी सांगितला, कारण डॉक्टरबाई कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करायच्या. मी इथल्या, चौसाळ्याच्या, कॉलेजात ग्रंथपाल आहे. दवाखाना आटोपला की अधूनमधून त्या ग्रंथालयात यायच्या, मांडणीपुढे उभ्या राहून कादंबरी काढायच्या आणि आधी शेवटचं पान वाचायच्या. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टरबाई, मग वाचण्यात मजा काय राहिली?"

"माणूस वाचतो का मरतो एवढं कळलं की मी निवांत वाचते," त्या म्हणाल्या. "दिवसभर मला ते माहीत नसतं. निदान घरी तरी असू दे."

पुस्तकं वेळेवर परत यायची. खूण म्हणून आत गॉजची पट्टी असायची, जखमेवर बांधतात ती. पट्टी काढायला त्या विसरायच्या. माझ्या टेबलाच्या खणात अशा पट्ट्या साठल्या होत्या आणि शिपाई त्यांनी चष्मा पुसायचा.

बाई तेलगावकडच्या, ऊस-कापूस पिकवणाऱ्या घरातल्या. नाव सुनंदा. पण चौसाळ्यात त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. हायवेला लागून त्यांचा दवाखाना होता, वर त्या राहायच्या. उंची बेताची, साडीचा पदर कमरेला खोचलेला, वर पांढरा कोट, पायात पुरुषी सँडल. कोटाच्या उजव्या खिशात स्टेथोस्कोप आणि डाव्या खिशात फुटाणे. ऑपरेशन झालं की त्या मूठभर फुटाणे खायच्या, चहा त्यानंतर. लग्न का केलं नाही, हे गावानं बरीच वर्षं विचारलं आणि मग नाद सोडला.

आमच्याकडे 'बे' हा शब्द पुरुषांनी पुरुषांना वापरायचा. बाई तो सर्रास वापरायच्या. दारू पिऊन मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाला टाके घालताना म्हणायच्या, "का बे, गाडीला रस्ता कमी पडला का तुला?" आणि टाके मात्र असे घालायच्या की वर्षभरानं खूण शोधावी लागे. म्हाताऱ्या बायकांना त्या मावशी म्हणत, म्हाताऱ्या पुरुषांना मामा. त्यामुळे निम्मं चौसाळा त्यांचं आजोळ होतं.

पोट तपासण्याआधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायच्या. उन्हाळा असला तरी चोळायच्या. रोग्याचे नातेवाईक चुळबुळ करू लागले की सांगायच्या, "थंड हात ठेवला की पोट घट्ट होतंय आन् खोटं बोलतंय."

आणि मग तो प्रश्न. "दुखलं तवा हातात काय व्हतं?"

पोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाला त्या हे विचारायच्या. नवीन माणूस गोंधळायचा. कुणी म्हणायचं खुरपं, कुणी म्हणायचं तांब्या, एका पोरीनं लाजत मोबाइल सांगितला होता. आणि कुणाला काही आठवायचंच नाही. "आता कसं सांगू बाई, भाकरी थापताना बी दुखत व्हतं, जेवताना बी व्हतं." एवढ्यावर बाईंना अर्धं उत्तर मिळालेलं असायचं. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं होतं. "किती वाजता दुखायला लागलं, हे कुणाला धड सांगता येत नाही. हातातली वस्तू मात्र ध्यानात राहते. वस्तू आठवली, म्हणजे कळ झटक्यात आली. काहीतरी फुटलं, अडकलं, नाहीतर पीळ बसला. हळूहळू चढणाऱ्या दुखण्याला वस्तू नसते."

एकदा एक पुढारी आले. मागे चार-पाच गाड्या, दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांची गर्दी. साहेबांनी पोट धरलेलं. बाईंनी नेहमीप्रमाणे हात चोळले आणि विचारलं. साहेब कण्हत म्हणाले, "माइक व्हता, बाई."

"माइक तुमच्या हातात, तर दुखायला लोकांचं पायजे. तुमचं कावून दुखलं?"

कार्यकर्ते हसले. तेवढ्यात बाईंचा हात पोटावर टेकला होता आणि त्यांचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. जठराला भोक पडलं होतं. "गाड्या हलवा," त्या म्हणाल्या, "भूलवाल्या डॉक्टरला आत यायला वाट ठेवा." साहेब वाचले. तो माइकचा विनोद ते अजून सभांमधून सांगतात, फक्त आपणच तो केला असं सांगतात. बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगू द्या. टाके तरी माझे हायेत."

माझ्या आईची गोष्ट याच प्रश्नाची आहे.

आमचं घर लिंगायत. बसस्टँडसमोर कापडाचं दुकान आहे, ते धाकटा भाऊ शिवराज बघतो. आईच्या गळ्यात इष्टलिंग असतं, कापडाच्या लहानशा पिशवीत. सकाळी अंघोळ झाली की ती लिंग डाव्या तळहातावर घेते, पाणी घालते, विभूती लावते, बेलाचं पान वाहते. ही पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. तापात घेतला नाही, बाळंतपणात घेतला नाही. ती वाकली आहे, अंगावर मांस राहिलेलं नाही, तळहात मात्र थाळीसारखा सपाट आणि स्थिर.

एकदा आम्ही सगळे नात्यातल्या एका लग्नाला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पूजेवरून उठली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "कालच्या पंगतीपासून पोट जड हाय. हळूहळू वाढायलंय." चहा घेतला नाही. दुपारी हिरवी उलटी झाली, मग आम्ही तिला गाडीत घातलं.

बाईंनी हात चोळले. आईच्या पोटावर उजव्या बाजूला, बरगडीखाली, त्यांची बोटं थांबली. मला म्हणाल्या, "इथं हात लावा. हलका." आंब्याएवढा गोळा होता. ताप नव्हता. डोळे पिवळे नव्हते. मग सोनोग्राफी केली. पडद्यावर मला राखाडी ढगाशिवाय काही दिसत नव्हतं, बाईंना मात्र बराच वेळ काहीतरी दिसत होतं. त्यांनी आईला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा पाहिलं. परत उताणं केलं, परत पाहिलं.

"दुखलं तवा हातात काय व्हतं, मावशी?"

"काय न्हाई."

"तांब्या? झाडू? चहाची कपबशी?"

"न्हाई म्हणलं की गं. कालपासून हळूहळू दुखतंय. पंगतीतलं बाधलं."

बाई आम्हाला घेऊन बाहेर आल्या. पित्ताची पिशवी यकृताला खालून चिकटलेली असते, त्यांनी सांगितलं. एखाद्याची नीट चिकटलेली नसते, झाडाला वांगं लोंबावं तशी देठावर लोंबते. म्हातारपणी आतली चरबी झडते, पाठ वाकते आणि ती देठावर गर्रकन फिरू शकते. फिरली की रक्त बंद. मग ती काळी पडते, सडते, फुटते. फार क्वचित होतं हे.

"आईच्या पिशवीत खडा एकही नाही. ती फुगली आहे आणि जागेवर नाही, कूस बदलली की सरकते. मला पिळाचा संशय आहे. पण साधी सूज असली तरी फोटो थोडाफार असाच दिसतो. सूज असली तर सलाइन, इंजेक्शनं, एक-दोन दिवस वाट बघायची. या वयात भूल देणं म्हणजे खेळ नाही. पीळ असला तर आत्ता उघडायला पाहिजे."

"मग ठरवायचं कसं?" मी विचारलं.

"तुमची आई म्हणते हळूहळू. पोट म्हणतंय झटक्यात. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, आणि हात तर मी गरम केले होते."

शिवराज घाबरला होता. "बाई, आमी सोलापूरला नेतो. तिथं मोठी मशीन हाय."

"ने की. रस्ता चांगला हाय. पण शिवराज, पीळ असला ना, तर तो टोलनाक्यावर थांबत न्हाई बघ."

भूल देणारे डॉक्टर बीडहून यायचे. बाईंनी त्यांना फोन करून निघायला सांगितलं. तिकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण वय सांगितल्यावर बाई काही वेळ नुसत्याच ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "या तर खरं. नक्की असं मी म्हणत नाहीये. या." फोन ठेवून त्या पुन्हा खोलीत गेल्या आणि रुक्मिण सिस्टरांना बाहेर काढून दार लोटून घेतलं.

आत काय झालं ते मला आईनं नंतर सांगितलं, आणि एकदाच.

बाई खाटेवर तिच्या शेजारी बसल्या. पोटाबद्दल काही बोलल्या नाहीत. आईची डावी मूठ छातीवर होती, गळ्यातल्या पिशवीवर आवळलेली. दवाखान्यात आल्यावर पुन्हा उलटी झाली तेव्हाही ती मूठ सुटली नव्हती, हे बाईंनी पाहिलं होतं. त्या मुठीवर त्यांनी आपला हात ठेवला.

"मावशी, आज पूजा झाली का?"

 आईला रडू आलं. "पडलं गं बाई."

"काय पडलं?"

"लिंग. हातातून पडलं. फरशीवर पडलं, टवका उडाला." आणि मग तिनं सगळं सांगितलं. पूजा चालू असताना कळ आली, सुरी खुपसावी तशी, आणि आयुष्यात कधी हलला नव्हता तो तळहात कलला. तिनं लिंग उचललं, कापडात गुंडाळलं, गळ्यात घातलं. घरात कुणाला कळू नये म्हणून दुखणं पंगतीवर ढकललं आणि कालपासूनचं केलं. "आमची आजी सांगायची, लिंग पडलं तर मग जीव ठेवायचा न्हाई. मला कापू नको, बाई. हे हाय ते बरोबर हाय. माझं मला भोगू दे."

बाईंनी मुठीवरचा हात तसाच ठेवला. मग विचारलं, "मावशी, नीट आठवा. आधी कळ आली, का आधी लिंग पडलं?"

आई म्हणते, तोवर हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. तिनं डोळे मिटून सकाळ पुन्हा आठवली. बेलाचं पान. पाणी. कळ.

"कळ आधी."

"मग तुमी न्हाई पाडलं. पोटानं तुमचा हात हिसडला. गुन्हा पोटाचा हाय, तर शिक्षा पोटाला करू. तुमी कावून मरता?"

दार उघडलं तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर शंका उरली नव्हती. "पीळच आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी पूजेच्या वेळी बसला. सही करा." एवढंच. काय पडलं, काय लपवलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. नंतरही कधी नाही. ते आईचं होतं.

भूलवाल्या डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, शेवटचं कधी काय खाल्लं? पूजा अर्धवट राहिल्यानं आईनं त्या दिवशी पाणीदेखील घेतलेलं नव्हतं. "हे एक बरं झालं," ते म्हणाले.

स्ट्रेचर आत जाताना रुक्मिण सिस्टर गळ्यातली पिशवी काढू लागल्या. आत दागिना न्यायचा नाही असा नियम. आईनं मूठ आवळली.

"दागिना न्हाई तो," बाई म्हणाल्या. त्यांनी लिंगाची पिशवी आईच्या त्याच डाव्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली आणि मुठीवरून गॉजची पट्टी गुंडाळली. गाठ मारून हलवून पाहिली. "आता न्हाई पडत. झोपा."

आम्ही बाकावर बसलो. शिवराज मध्येच उठून हायवेवरच्या गाड्या बघून यायचा. काही वेळानं बाईंनी दार अर्धं उघडून मला हाक मारली. "ग्रंथपाल, या. शेवटचं पान बघून घ्या." ट्रेमध्ये ती पित्ताची पिशवी होती, काळपट जांभळी, तकतकीत. देठाला पूर्ण पीळ बसला होता, धुणं पिळताना बसतो तसा. फुटलेली नव्हती.

"तुम्ही याआधी किती पाहिल्यात अशा?"

"एकही नाही. वाचलं होतं, फार पूर्वी. बारीक अक्षरात होतं."

नंतर त्या मागच्या पायरीवर बसल्या आणि खिशातून फुटाणे काढले. मूठ तोंडाशी नेताना दोन फुटाणे खाली पडले. त्यांनी ते उचलून मुंग्यांकडे सरकवून दिले. 

आई शुद्धीवर आली ती मूठ चाचपत. पट्टी जागेवर होती.

पोट बरं होत होतं, तरी ती जेवेना. बाईंना कारण माहीत होतं. एका दुपारी दवाखाना सिस्टरांवर सोपवून त्या मठात जाऊन आल्या. तिथल्या स्वामींशी त्या काय बोलल्या कोण जाणे. परत येऊन आईला म्हणाल्या, "स्वामी म्हणले, टवका उडालाय तिथं पुन्हा लेप लावून देतो, मग पूजा सुरू करा. आन् जीव द्यायचं कोण म्हणलं, त्याला माझ्याकडं पाठवा म्हणले."

"आजी म्हणलती," आई म्हणाली.

"आजी कुठं हाय आता?"

"वर गेली की."

"मग राहू द्या. तिचं तिथं चालू द्या."

आई हसली आणि टाक्यांवर हात धरला. त्या संध्याकाळी तिनं मुगाचं वरण मागितलं.

दवाखान्यातून घरी निघताना बाईंनी तिच्या मांडीवर एक लहानशी गोधडी ठेवली. तान्ह्या बाळाची असते तेवढी, जुन्या लुगड्यांची, बाईंच्या आईनं तेलगावला शिवलेली. "पूजेला बसताना ही घडी मांडीवर घ्यायची. हाताला कधी काही झालं तर खाली फरशी न्हाई, ही हाय." आईनं गोधडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तुला ठेवली व्हती न्हवं आईनं ही? लेकरासाठी?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "घ्या आता."

त्या शेवटच्या गुरुवारच्या आधी काही दिवस बाई ग्रंथालयात आल्या होत्या. ऊन होतं, मी कूलर त्यांच्याकडे वळवला. मांडणीपुढे उभ्या राहून त्यांनी एक जाडजूड कादंबरी काढली, शेवटचं पान उघडलं, चष्मा कपाळावर सारून वाचलं. चेहऱ्यावर हळूहळू समाधान आलं.

"वाचते म्हातारी," त्या म्हणाल्या. "न्यायला हरकत नाही."

मी नोंद केली. दारात थांबून त्यांनी विचारलं, "मावशीचं काय चाललंय?" म्हटलं, बरी आहे, सुनेशी भांडते. "मग लईच बरी हाय," म्हणत त्या पायऱ्या उतरल्या. खाली झाडाच्या सावलीत उभ्या राहून त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं, या वेळी पहिल्या पानापासून, आणि वाचत वाचतच रस्त्याकडे चालू लागल्या. एका रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी वर न बघता हात हलवला.

बातमी आईला मीच सांगितली. तिनं निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "हातात काय व्हतं तिच्या?"

मला माहीत नव्हतं. मी दवाखान्यात गेलो. अंगणात माणसंच माणसं होती, टाके घातलेली, पोटं उघडून पुन्हा शिवलेली. रुक्मिण सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी विचारलं.

"फुटाणे," त्या म्हणाल्या. "मूठ मिटलेलीच व्हती, सर. एकबी खाली पडला नव्हता."

मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. ती थोडा वेळ मुठीकडे, म्हणजे स्वतःच्या मुठीकडे, बघत बसली. "मग दुखलं नसंल तिला," ती म्हणाली. "दुखलं असतं तर हात सुटला असता." आणि मग रडली.

कादंबरी काही दिवसांनी सिस्टरांनी परत आणून दिली. गॉजची पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे आहे. मी ती काढलेली नाही.

दवाखाना बंद आहे. चौसाळ्यात आता रात्री-अपरात्री पोट दुखलं की बीडला जावं लागतं. आई रोज सकाळी पूजेला बसते. मांडीवर गोधडी असते.